एकही भाग न गाळणारा माणूस

ॲनिमे बघताना तो कधी बसला नाही. रविवारी सकाळी नऊ ते अकरा परळच्या एका शिकवणीच्या क्लासची खोली आम्हाला मिळायची. क्लास चालवणारा मनोज आमच्यातलाच, जपानी ॲनिमेपायी, म्हणजे तिथल्या हलत्या चित्रांच्या मालिका-सिनेमांपायी, वाया गेलेला. आम्ही पंधरा-सोळा जण बाकड्यांवर दाटीवाटीने बसायचो आणि हा मागच्या भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचा. पडद्यावरची नजर मात्र हलायची नाही. चालता चालता बाकड्यांना ठेचकाळायचा, कुणाच्या पायावर पाय द्यायचा, पाण्याच्या बाटल्या लवंडायचा. "अरे, बस ना एकदा!" असं कुणी ओरडलं, की म्हणायचा, "बसून पोथी ऐकतात. हे असलं बसून झेपत नाय मला."

त्याला सगळे ओरिजिनल म्हणत. त्याचं खरं नाव मला वर्षभराने कळलं, आणि तोवर ते वापरायची सवय लागायची वेळ टळून गेली होती. हे नाव पडायला कारण होतं. ॲनिमे बघायचं ते जपानी आवाजातच, खाली अक्षरं वाचत. हिंदीत किंवा इंग्रजीत डब केलेलं बघणारा माणूस त्याच्या लेखी दुसऱ्याचं उष्टं खाणारा. मालिका पहिल्या भागापासून क्रमाने बघायची. सुरुवातीचं गाणं पुढे ढकलायचं नाही. आणि मूळ कथा सोडून मधेच भरताड म्हणून घातलेले जे भाग असतात, ज्यांना जगभरचे चाहते फिलर म्हणतात आणि बिनदिक्कत टाळतात, तेही सगळे बघायचे. "त्या लोकांनी काढलाय ना तो भाग? हात दुखवलेत ना? मग तू कोण गाळणारी?" हे मला उद्देशून. कारण मी गाळायचे. आजही गाळते.

आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. मी दादरची, विमा कंपनीतल्या नोकरीत दिवसभर फायली उपसणारी. मला घरी येऊन बारा भागांत संपणारं, झळझळीत रंगांचं, वेगवान असं नवीन ॲनिमे हवं असायचं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. करी रोडला गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले त्यांतल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्यामुळे नव्या ॲनिमेबद्दलचं त्याचं मत कामावरूनच आलेलं होतं. "लॉबी चकाचक, मार्बल काय, झुंबर काय. शाफ्टमध्ये उतरून बघ, कचरा. जुन्यात माणूस चालला की जमिनीवर वजन पडायचं. तुझी नवीन माणसं तरंगतात. काँप्युटरने पाऊस पाडतात आणि त्यात कुणी भिजत नाय."

मीही गप्प बसणारी नव्हे. "जुन्यात अर्धा भाग तर एकच चित्र थांबलेलं असतं आणि नुसतं तोंड हलतं. चित्रं वाचवायची कंजुषी ती, तिला तू कला म्हणतोस. आणि उरलेला अर्धा भाग, मागच्या भागात काय झालं याची आठवण!"

"थांबलेलं चित्र म्हणजे बघायला दिलेला वेळ आहे, मॅडम. तुम्हाला वेळ दिलेला पण सोसत नाय." राग आला की तो मला मॅडम म्हणायचा आणि 'तू'वरून 'तुम्ही'वर जायचा. मग रविवारचे दोन तास संपून मनोजची दहावीची पोरं दारात ताटकळायला लागायची आणि आम्ही जिन्यावर उभे राहून भांडत असायचो. उरलेलं भांडण संध्याकाळी ग्रुपवर. चाळीस-चाळीस मेसेज. माझी आई विचारायची, हा मुलगा कोण, आणि काही ठरवताय का तुम्ही. मी म्हणायचे, हो, याला एकदा गप्प करायचं ठरवलंय.

त्याच्यासमोर कार्टून हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा त्यांच्या चाळीत सत्यनारायणाच्या पूजेला पडदा लावायचं ठरलं आणि कमिटीतल्या कुणी तरी त्याला सहज म्हटलं, पोरांसाठी एखादं कार्टून आण. याने आधी त्या गृहस्थांना जिन्यात गाठून पाऊण तास समजावलं, आणि मग त्यांना धडा शिकवायचा म्हणून लढाईत घरदार गमावलेल्या एका मुलाचा जुना, अतिशय सुंदर आणि अतिशय भयंकर सिनेमा लावला. पंचवीस मिनिटांत चाळीतली निम्मी पोरं भोकाड पसरून रडत होती. शिरा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तीन आया याच्या दारात भांडायला आल्या, तर हा म्हणे त्यांनाच उलट विचारत होता, "पण पोरं मधून उठली का? नाय ना?" मनोजने ही हकिकत सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले, आणि घरी जाऊन तो सिनेमा बघून मीही रडले. हे मी ओरिजिनलला कधी कळू दिलं नाही.

त्याची एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नव्हती. शेवट फोडणाऱ्याला तो माफ करत नसे. आमच्यात पराग म्हणून एक जण होता, ओरिजिनलचा शाळेपासूनचा मित्र. त्याने एकदा बोलण्याच्या भरात एका मालिकेत शेवटी कोण मरतं ते सांगून टाकलं. ओरिजिनल दप्तर उचलून निघून गेला. त्यानंतर दोन वर्षं तो परागशी बोलला नाही. एका खोलीत, एका पडद्यासमोर, पण शब्द नाही. परागच्या लग्नाला गेला, आहेर दिला, जेवला आणि न बोलता परत आला. हे मी पुढे जे सांगणार आहे त्याच्याआधी सांगायला हवं, कारण मला ते माहीत होतं आणि तरीही मी केलं.

एका संध्याकाळी त्याची हार्डडिस्क परत करायला मी करी रोडला त्याच्या चाळीत गेले. तिसऱ्या मजल्यावर पोचले तर गॅलरीत शेजारच्या मावशी मेथी निवडत बसलेल्या आणि याच्या खोलीतून एका म्हातारीचा आवाज येत होता, "माका पलीकडे नेय रे बाबा, माझो झील थय आसा!" लगेच दुसरा, जाडाभरडा आवाज, "आजये, गप बस. फुडे भोवरो आसा!" मला वाटलं, घरात पाहुणे आलेत, कुणाच्या तरी मुलावरून भांडण चाललंय. मावशींनी मला हाताने थांबवलं. "बस जरा. भोवरा आहे ना आता," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कान देऊन ऐकायला लागल्या.

दारातून डोकावले. कॉटवर भिंतीला टेकून त्याचे वडील बसलेले. आयुष्यभर गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर मिळेल तिथे काम केलेले, मूळचे मालवणकडचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. समोर टेबलावर लॅपटॉप, त्यावर जपानी आवाज अगदी बारीक केलेला, आणि ओरिजिनल खोलीभर फिरत म्हातारी, नावाडी, राक्षस, लहान मुलगी, सगळ्यांचं मालवणीत बोलत होता. बोलणं संपलं की चित्र सांगायचा. आभाळ कसं आहे, पाणी कुठल्या रंगाचं, नावाड्याने तोंड कुठे फिरवलं. मला बघितलं तसा तो मुलीच्या आवाजात मधेच थांबला आणि कानापर्यंत लाल झाला.

"हे डब नाय हां," तो म्हणाला. मी काहीच म्हटलं नव्हतं. "हे बाबांना सांगणं आहे. ग्रुपवर टाकू नको."

"कोण आयला?" वडिलांनी विचारलं. मी नाव सांगितलं. "ती नवीनवाली मां? बस गो बाय, बस. ह्यो तुझ्या नावान रोज बोटां मोडता." आणि लगेच मुलाकडे तोंड करून, "तू कित्याक थांबलस? भोवऱ्याचा काय झाला?"

ती मालिका जुनी आणि अवाढव्य होती, पाचशे वीस भागांची. एका नदीवरचा नावाडी. त्याचा धाकटा भाऊ लहानपणी पलीकडच्या काठावर गेला तो परतला नाही. नदी दर पावसाळ्यात पात्र बदलते, पलीकडचा काठ सापडत नाही, आणि नावाडी येईल त्या उतारूला, माणसाला आणि भुताला, नावेत घेत भावाला शोधत राहतो. भाऊ सापडतो की नाही, एवढा एकच प्रश्न पाचशे भाग ताणलेला. मी ती मालिका कॉलेजात असताना बघितली होती, अर्थातच निम्मी गाळून. शेवट मला आवडला नव्हता. ओरिजिनलच्या मते तसा शेवट जगात दुसरा झालेला नाही.

त्या दिवशी ते तीनशे अकराव्या भागावर होते. रोज एक भाग. भाग बावीस मिनिटांचा, पण या दोघांना तो दीड तास पुरायचा, कारण काका, म्हणजे त्याचे वडील, दर दोन मिनिटांनी हरकत घ्यायचे. त्यांचं लहानपण होड्यांत गेलेलं. "उभो रवान वल्हयता? लाटेत? ह्येका वल्हवूक येणा नाय. होडी उलटतली." मग ओरिजिनल व्हिडिओ थांबवायचा. "बाबा, जपानी होडी वेगळी असते." "पाणी वेगळा असता काय?" "तुम्ही पुढे ऐका ना!" "फुडे काय ऐकू, तो बुडलो मां?" असं चालायचं. मावशी गॅलरीतून काकांची बाजू घ्यायच्या. मला तेव्हा कळलं की हा माणूस भांडायला कुठे शिकला. फिलरबद्दल काकांचंही मत मुलासारखंच होतं. मी एकदा म्हटलं, काका, पुढचे साठ भाग फालतू आहेत, यात कथा पुढे सरकत नाही. तर म्हणाले, "नुसतो भात खातंस काय तू? तोंडाक लावक काय तरी व्हया मां?"

मी मग अधूनमधून जायला लागले. खरं म्हणजे बऱ्याचदा. ऑफिसातून सुटून करी रोडला उतरायचं, मावशींच्या शेजारी गॅलरीत बसायचं आणि ऐकायचं. जी मालिका मी कंटाळून निम्मी टाकली होती, तिच्यासाठी मी आता ऑफिसातून पळ काढत होते. घरी खोटं सांगत होते. ओरिजिनलसमोर मात्र मी नव्याचीच बाजू लावून धरली. तेवढा स्वाभिमान होता.

तीनशे नव्वदच्या आसपास काका आजारी पडले. आधी दम लागायचा, मग पायांवर सूज, मग फुप्फुसात पाणी. हॉस्पिटलमध्ये ठेवलं. डॉक्टरांनी ओरिजिनलला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, दोन-तीन महिने धरून चाला, जास्त मिळाले तर नशीब. तो बाहेर आला आणि कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागला. मी आणि मनोज भिंतीला टेकून उभे होतो. त्याच्या मागे मागे किती फिरणार.

हिशोब कुणालाही कळण्यासारखा होता. एकशे पंचवीस भाग उरलेले. त्यांतले तीनशे शहाण्णवपासून पुढचे साठ निव्वळ फिलर. काका दमायचे, एका दिवशी अर्धाच भाग व्हायचा, एखाद्या दिवशी तेवढाही नाही. फिलर गाळले तर कदाचित शेवटापर्यंत पोचता येईल. नाही गाळले तर नाही.

"गाळ," मी म्हणाले. "सरळ पुढच्या कथेवर जा. त्यांना कळणारही नाही."

"त्यांना कळणार नाय म्हणून?" तो गर्रकन वळला. "दिसत नाय त्यांना, म्हणून फसवू? रोज विचारतात, कितवा भाग. खोटा आकडा सांगू?"

"मग सांगून गाळ."

"काय सांगू? बाबा, घाई करायला पायजे, असं सांगू?"

माझं डोकं तापलेलं होतं. मला तो हट्टी वाटत होता, स्वतःच्या नियमापुढे बापालाही न मोजणारा वाटत होता. मी तसं बोललेही. त्याने ऐकून घेतलं आणि तीनशे शहाण्णवावा भाग लावायला आत गेला. वॉर्डमधल्या सगळ्यांना त्रास नको म्हणून काकांच्या कानाशी तोंड नेऊन तो सगळे आवाज कुजबुजत काढायचा. तेव्हाही बसायचा नाही. कॉटपाशी वाकून उभा.

एका दुपारी तो रिपोर्ट आणायला खाली गेला होता आणि मी काकांजवळ होते. त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तुका ठावक आसा मां शेवट?" मी त्यांची चादर सारखी करायला लागले. "तो माका सांगूचो नाय. मी इचारूचय नाय त्येका. तू सांग."

"काका, तुम्ही स्वतःच ऐकाल ना. थोडेच भाग राहिलेत."

"खोटा बोला नको. एकशे सोळा रवले."

त्यांनी मोजून ठेवलं होतं. चारशे चौथा भाग आदल्या दिवशी झाला होता. मला पराग आठवला, एका खोलीत बसून दोन वर्षं ज्याच्याशी ओरिजिनल बोलला नव्हता. तरी मी सांगितलं. दहा मिनिटांत पाचशे विसाव्या भागापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यात म्हाताऱ्याबद्दलची माया होती हे खरं. पण ओरिजिनलवर कुरघोडी केल्याचं समाधानही तेव्हा होतं, हे आता लपवून उपयोग नाही. त्याचा नियम चुकीचा आहे हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं, आणि मी एका आजारी माणसाच्या कानात ते दाखवलं.

नावाड्याला शेवटी भाऊ दिसतो. पलीकडच्या काठावर तोही नावाडी झालेला असतो. दोघांच्याही नावा उतारूंनी भरलेल्या. दोघं एकमेकांकडे बघतात, हात वर करतात आणि आपापल्या नावा आपापल्या काठाने पुढे नेतात. संपलं. काकांनी ऐकून घेतलं आणि आपलं मत दिलं. ते मी थोड्या वेळाने सांगते. मग म्हणाले, "त्येका कळाक देव नको हां. रोज नरडा फोडून घेता माझ्यासाठी." इतक्यात ओरिजिनल रिपोर्ट घेऊन आला आणि काकांनी त्याला विचारलं, "कितवो रे आज?" "चारशे पाच," तो म्हणाला. "लाव मगे. भाव गावता काय बघूया." भाऊ सापडतो की नाही हे जणू त्यांना माहीतच नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. कुठे काही कळत नव्हतं. ते तसेच हरकती घ्यायचे, तसेच विचारायचे, "फुडे काय?" चारशे अठ्ठेचाळिसावा भाग अर्धा झाला असताना त्यांना झोप लागली. ओरिजिनलने व्हिडिओ थांबवला आणि वाट बघत उभा राहिला. ते उठले नाहीत. भाग एका गावातल्या भोपळ्यांच्या शर्यतीचा होता, कुणाच्याही लक्षात न राहणारा.

दिवसकार्याला आम्ही सगळे गेलो. जो भेटेल त्याला ओरिजिनल एकच सांगत होता. "चारशे अठ्ठेचाळीसवर गेले. शेवट नाय कळला त्यांना. माझ्यामुळे. ही बोलली होती मला, गाळ म्हणून." आणि माझ्याकडे बोट दाखवायचा, रागाने नाही, मी बरोबर होते म्हणून. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मावशी डोळे पुसत होत्या. मी पाणी वाढायला उठले.

मग तो बदलला. रविवारी यायचा आणि बसायचा. पहिल्या बाकड्यावर, हात मांडीवर ठेवून. एका नवख्या मुलाने ग्रुपवर लिहिलं की जुनी ॲनिमे फक्त आठवणींमुळे लोकांना आवडतात, खरी मजा आत्ताच्यात आहे. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो की आता चाळीस मेसेज. ओरिजिनलने अंगठा टाकला. फक्त अंगठा. दुसऱ्या एकाने विचारलं, ती नावाड्याची मालिका सुरू करतोय, काही सल्ला? तर याने उत्तर दिलं, "फिलर गाळ. वेळ घालवू नको." ते वाचून मी ऑफिसातच खुर्चीवरून उठले. इतकी वर्षं मला याला गप्प करायचं होतं, आणि आता झाला होता.

त्यातच मनोजकडून कळलं की त्याने मस्कतची नोकरी घेतलीये, लिफ्टचीच, पंधरा दिवसांत जातोय. चाळही रिकामी करायची होती, पुनर्विकासात निघालेली. मी आठवडाभर तळमळत होते. सांगितलं तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, पण तो माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. नाही सांगितलं तर हा माणूस बापाला अर्ध्यावर सोडल्याचं शल्य घेऊन मस्कतला जाईल. इतकं सोपं होतं, तरी मी आठवडा घेतला. फोन उचलायचे, ठेवायचे. शेवटी रविवारी क्लास सुटल्यावर त्याला म्हटलं, चल, करी रोडपर्यंत चालत येते.

लालबागपर्यंत मी नुसती इकडचं तिकडचं बोलत राहिले. तो हूं हूं करत होता. करी रोडच्या पुलावर चढलो तेव्हा मी एका दमात सांगितलं. "काकांना शेवट माहीत होता. मी सांगितला. त्यांनी विचारलं म्हणून सांगितला."

तो थांबला नाही, चालत राहिला. मी मागे. पुलाच्या मध्यावर आल्यावर म्हणाला, "कितव्या भागाला?"

"चारशे चारनंतर."

त्याचे ओठ हलत होते, आकडे मोजत असावा. चव्वेचाळीस भाग. रोजचं "फुडे काय", रोजचं "भाव गावता काय बघूया". मी कठड्याला हात टेकून उभी राहिले आणि मनाची तयारी केली, की आता हा दप्तर सावरून निघून जाईल आणि मी आयुष्यभरासाठी पराग होईन.

"काय बोलले?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"शेवट ऐकून काय बोलले? काय तरी बोलले असतील ना. बाबा ऐकून गप्प बसणारे नाय."

"म्हणाले, 'शेवट घाईत केल्यान. पाचशे भाग होडी वल्हवल्यान, आणि भावाक भेटूक येक वल्हा मारूक जमला नाय?'"

त्याचा हात वर गेला. "घाईत? घाईत केलाय तो? अगं, त्याच्या नावेत माणसं आहेत! ती सोडून भेटायला जाईल तो? मग पाचशे भाग काय शिकला? आणि वल्हं मारायचं काय, मधे भोवरा आहे, दाखवलाय तो, तीनशे अकरामध्ये दाखवलाय, मी स्वतः सांगितलाय त्यांना!" तो कठड्यापासून फूटपाथच्या कडेपर्यंत जाऊन परत आला, पुन्हा गेला. लोक बघत जात होते. एका बाईंनी मुलाला आपल्याकडे ओढलं. "भावाला बघितलं ना त्याने? जिवंत आहे हे कळलं ना? अजून काय पायजे? यांना सगळ्यात वल्हं दिसतं! आयुष्यभर वल्हं! तू काय बोललीस मग? तू सांगायचंस ना त्यांना!"

"मी काय सांगणार? मलाही शेवट आवडत नाही."

"तुम्हाला काय आवडतं, मॅडम?" तो ओरडला, आणि ते 'मॅडम' ऐकून मला रडू फुटलं, भर रस्त्यात. त्याने त्याकडे लक्ष दिलं नाही. पाच-सात मिनिटं तो बापाशी भांडत होता. मधे मधे मालवणीत जात होता, त्यांचा आवाज काढून स्वतःच हरकत घेत होता आणि स्वतःच ती खोडून काढत होता. आपल्या बाजूने चढत गेला, बापाच्या बाजूने पुढचं सुचेना तिथे अडकला, आणि अडकल्यावर थांबला. घाम पुसला. कठड्याला पाठ लावून तो तिथेच, फूटपाथवर, खाली बसला.

"मला का नाय बोलले ते?" तो म्हणाला. "मला सांगायला पायजे होतं. भांडलो असतो ना गं आम्ही."

मी त्याच्या शेजारी बसले. पुलाखालून गाड्या जात होत्या.